पगाराची मर्यादा नक्की कुणावर असते? एका छोट्या हॉकी लीगचा २००४-०५ चा हंगाम

१६ फेब्रुवारी २००५ रोजी उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, कमिशनर गॅरी बेटमन यांनी त्या वर्षीचा अख्खा हंगाम रद्द केला. ३० संघ आणि साखळीतले १,२३० सामने, सगळं पाण्यात गेलं. बर्फावरच्या हॉकीतला सगळ्यात मानाचा स्टॅन्ली कप १९१९ नंतर पहिल्यांदाच कुणाच्या हाती लागला नाही, आणि १९१९ साली निदान फ्लूची साथ तरी होती. या वेळी साथबीथ काही नव्हती. संघमालकांना खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला ती नको होती. मालकांनी १६ सप्टेंबर २००४ पासून टाळंच ठोकलं.

त्याच हिवाळ्यात युनायटेड हॉकी लीग, म्हणजे यूएचएल, या एका छोट्या व्यावसायिक लीगचा हंगाम मात्र ठरल्याप्रमाणे चालू होता. तिथे पगाराची मर्यादा आधीपासूनच होती. आणि कनेक्टिकट राज्यातल्या एका संघाचा मालक ती इतक्या साध्या युक्तीने धाब्यावर बसवत होता की प्रकरण पुढे फेडरल कोर्टात गेलं. पगारमर्यादा म्हणजे काय, ती कशासाठी असते आणि मोडतात कशी, हे समजून घ्यायला मला एनएचएलच्या त्या गाजलेल्या भांडणापेक्षा यूएचएलचा हा हंगाम जास्त कामाचा वाटतो. आकडे लहान आहेत, हिशेब डोक्यात मावतो.

आधी उतरंड पाहू. सगळ्यात वर एनएचएल. तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग, एएचएल. एएचएलचा जवळजवळ प्रत्येक संघ वरच्या कुठल्या तरी एनएचएल संघाशी जोडलेला असतो. तिथल्या बऱ्याच खेळाडूंचा करार वरच्या संघाशीच असतो, त्यात पगाराचे दोन आकडे लिहिलेले असतात: वर खेळलास तर इतके, खाली खेळलास तर इतके. त्याखालच्या पायरीवर ईसीएचएल, आणि साधारण त्याच उंचीवर, पण स्वतंत्र, यूएचएल. ही लीग १९९१ मध्ये कलोनियल हॉकी लीग या नावाने सुरू झाली आणि १९९७ मध्ये तिने नाव बदललं. विजेत्याच्या करंडकाचं नाव मात्र कलोनियल कप असंच राहिलं. २००४-०५ मध्ये तिच्यात १४ संघ होते. मिशिगनमधली फ्लिंट, मस्कीगन, कालामाझू, पोर्ट ह्युरन ही कारखान्यांची गावं, इंडियानातलं फोर्ट वेन, इलिनॉयमधलं रॉकफर्ड, मिसुरीतलं कॅन्सस सिटी, न्यूयॉर्क राज्यातलं एल्मायरा, अशी ही मंडळी.

स्वतंत्र म्हणजे काय, तर मागे कुणी उभं नाही. टीव्हीचे पैसे जवळपास नाहीत. गल्ल्यात जे येतं ते तिकिटांतून, बिअर आणि हॉट डॉगमधून, आणि बर्फाभोवतीच्या फळ्यांवर गावातल्या मोटारीच्या शोरूमने किंवा दंतवैद्याने लावलेल्या जाहिरातींतून. खर्च मात्र ठरलेले: रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, भाडं, विमा, सामान, प्रवास. प्रवास बसने. डॅनबरीहून कॅन्सस सिटी सुमारे दोन हजार किलोमीटर पडतं, यावरून डिझेलचा अंदाज करा. या खर्चातला एकच आकडा मालकाच्या हातात असतो, तो म्हणजे खेळाडूंचा पगार.

आता मर्यादेमागचं डोकं. इतर कुठल्याही धंद्यात समोरचा बुडाला की आपलं फावतं. लीगच्या धंद्यात समोरचा बुडाला की आपलेही सामने कमी होतात. एका मालकाने बक्कळ पैसा ओतून दहा चांगले खेळाडू गोळा केले की बाकीच्यांपुढे दोनच वाटा उरतात: आपणही तेवढा पैसा ओतायचा, नाहीतर हरत राहायचं. पहिल्या वाटेने मालकाची तिजोरी आटते, दुसऱ्या वाटेने प्रेक्षक आटतात. दोन्हीकडून शेवटी संघ बंद पडतो, आणि वेळापत्रकातले त्याच्याविरुद्धचे घरचे सामने, म्हणजे तितक्या रात्रींचा गल्ला, बाकीच्यांनाही गमवावा लागतो. म्हणून मालक एकत्र बसून ठरवतात की कुणीही अमुक रकमेच्या वर जायचं नाही. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक फ्रँचायझीला सारखीच पर्स असते, ती याच विचारातून आलेली.

थोडक्यात, मर्यादा पगारावर असली तरी ती मालकांनी स्वतःच्या हातांना बांधलेली दोरी असते, कारण शेजारच्या मालकावर त्यांचा विश्वास नसतो. खेळाडूला तिचा फटका बसतो हे खरंच, पण नियम लिहिला जातो तो मालकांनी एकमेकांना आवरावं म्हणून. हे लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट सोपी होते.

यूएचएलमध्ये संघाच्या वर्षभराच्या पगाराची मर्यादा २ लाख ७५ हजार डॉलर होती. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे ढोबळ २६ आठवडे धरू, आणि संघात वीस खेळाडू. भागाकार केला तर माणशी आठवड्याला साधारण ५३० डॉलर येतात. ही सरासरी झाली. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याला जास्त, तर तिसऱ्या फळीतल्या पोराला त्याहून बरंच कमी. एवढ्या पैशांत तो खेळाडू ८० सामने खेळणार, रात्र रात्र बसमध्ये झोपणार, दात पाडून घेणार. उन्हाळ्यात पगार नाही, तेव्हा काहीतरी दुसरं काम शोधायचं. हे चित्र डोळ्यासमोर असलं की त्याला कुणी गुपचूप जास्त पैसे देऊ केले तर तो काय म्हणेल, हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी या लीगमध्ये एक नवा संघ आला: डॅनबरी ट्रॅशर्स. डॅनबरी हे न्यूयॉर्क शहरापासून शंभरेक किलोमीटरवरचं गाव, एकेकाळी हॅट बनवण्यासाठी प्रसिद्ध. संघाचे मालक जेम्स गॅलान्टे, तिथले कचऱ्याचे बडे ठेकेदार, ऑटोमेटेड वेस्ट डिस्पोजल या कंपनीचे मालक. संघाचं नाव कचऱ्यावरून, बोधचिन्ह म्हणजे हातात हॉकीची काठी धरलेला रागीट चेहऱ्याचा कचऱ्याचा डबा. संघ चालवायला त्यांनी नेमलं ते आपल्या मुलाला, ए. जे. गॅलान्टेला. वय १७. दुखापतीमुळे त्याचं स्वतःचं खेळणं थांबलं होतं, म्हणून वडिलांनी खेळायला नाही तर चालवायला संघ घेऊन दिला. मला तर या अख्ख्या प्रकरणात यापेक्षा अचाट दुसरं काही सापडत नाही. बारावीच्या वयाचा पोरगा व्यावसायिक संघाचा जनरल मॅनेजर, आणि त्याच्या हाताखाली तिशीतले, नाक मोडून घेतलेले गडी.

पोराने संघ निवडला तोही आपल्या आवडीप्रमाणे. त्याला मारामारी करणारे खेळाडू हवे होते. ही बाब आपल्याकडच्या वाचकाला चक्रावून टाकते, म्हणून जरा थांबून सांगतो. बर्फावरच्या हॉकीत प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. साधी चूक केली, म्हणजे काठीने पाय अडकवला किंवा धरून ठेवलं, तर दोन मिनिटं बाहेर बसायचं, आणि तोवर तुमचा संघ एकाने कमी खेळणार. दोघांनी हातमोजे टाकून ठोसाठोसी केली तर दोघांना पाच-पाच मिनिटं. पण दोन्ही बाजूंचा एकेक गेल्यामुळे दोघांच्याही जागी बदली खेळाडू येतात आणि बर्फावर पाचास पाच कायम राहतात. म्हणजे दोन मिनिटांच्या चुकीने संघाचं नुकसान होतं, मारामारीने हिशेबात फारसं काही होत नाही. या फटीतूनच ‘एन्फोर्सर’ नावाची जात जन्माला आली: आपल्या गुणी खेळाडूला कुणी धक्का मारला की पुढे होऊन त्याचा समाचार घेणारा. एनएचएलने १९९२-९३ पासून भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षा लावायला सुरुवात केली, त्यामुळे वरच्या पायरीवर हे प्रमाण घटत गेलं. खालच्या लीगमध्ये मात्र प्रेक्षक त्याचेच पैसे देत होते.

ट्रॅशर्सनी ‘विंगनट’ या टोपणनावाचा ब्रॅड विंगफिल्ड घेतला, नायजेरियात जन्मलेला आणि एनएचएल खेळून आलेला रुमून अन्डुर घेतला. रिंक छोटा, तीनेक हजार माणसांचा, आणि त्यातला सेक्शन १०२ हा प्रेक्षकांचा कोपरा पाहुण्या संघाला शिव्या घालण्यात इतका पटाईत झाला की त्याची ख्याती लीगभर पसरली. नवा संघ, पहिलंच वर्ष, आणि गावात सामना म्हणजे जत्रा. संघ चालवणं म्हणजे गल्ला भरणं असेल तर त्या सतरा वर्षांच्या पोराला धंदा कळत होता, हे मान्यच करावं लागतं.

टाळेबंदीनेही हातभार लावला. एनएचएलचे सातशेच्या आसपास खेळाडू रिकामे बसले होते. बरेचसे युरोपात गेले. कमी अनुभवाचे, ज्यांना खाली पाठवता येत होतं, ते एएचएलमध्ये उतरले आणि त्या लीगचा दर्जा एकदम वर गेला. बिंगॅमटनकडून खेळताना जेसन स्पेझाने त्या वर्षी ११७ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले आणि गुणतक्त्यात तो पहिला आला. काहीजण थेट यूएचएलपर्यंत खाली आले. डेट्रॉइटच्या उपनगरातल्या मोटर सिटी मेकॅनिक्स या नव्या संघाकडून क्रिस चेलिओस आणि डेरियन हॅचर खेळले. चेलिओस तेव्हा ४३ वर्षांचा, आणि त्याच काळात ग्रीसच्या बॉबस्लेड, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीच्या, संघात शिरकाव होतो का, याच्या खटपटीत होता. रिकामा वेळ माणसाला कुठवर नेईल सांगता येत नाही. डॅनबरीला माइक रप आला. २००३ च्या स्टॅन्ली कप अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात न्यू जर्सी डेव्हिल्सकडून निर्णायक गोल करणारा हाच.

आता मुख्य मुद्दा. ट्रॅशर्सचा पगारावरचा खरा खर्च साडेसात लाख डॉलरच्या घरात होता, असं सरकारी पक्षाने पुढे मांडलं. म्हणजे मर्यादेच्या पावणेतीन पट. मघाचाच भागाकार पुन्हा करा: ५३० च्या जागी १,४४० डॉलर येतात. हे जमवलं कसं? खेळाडूचा हॉकीचा करार लीगला दाखवण्यापुरता मर्यादेत. उरलेल्या पैशांसाठी त्याचं किंवा त्याच्या बायकोचं नाव गॅलान्टेंच्या कचरा कंपन्यांच्या मस्टरवर. कामावर यायचं नाही, ट्रक चालवायचा नाही, पगार मात्र दर आठवड्याला जमा. लीगच्या कचेरीत जाणारे पगाराचे तक्ते स्वच्छ, कारण त्यांत फक्त संघाचे पगार दाखवायचे असतात. बायकोला कचरा कंपनीत नोकरी आहे की नाही, हे विचारायचा लीगला अधिकार नाही आणि तपासायला माणूसही नाही.

पगारमर्यादेचा खरा कच्चा दुवा इथे दिसतो. मर्यादा म्हणजे नुसता आकडा नव्हे. तो आकडा खरा आहे हे तपासणारी यंत्रणा त्यामागे नसेल तर तो कागदावरच राहतो. छोट्या लीगचा सगळा कारभार इन मीन चार माणसांच्या कचेरीतून चालतो आणि मालक पाठवतील तो तक्ता खरा मानण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. त्यातून बहुतेक मालकांचा मूळ धंदा दुसराच असतो. दोन खिसे असलेल्या माणसाने कुठल्या खिशातून पैसे दिले, हे बाहेरून दिसत नाही.

एनएचएलमध्ये भांडण नेमकं याच ठिकाणी अडलं होतं. मालक सांगत होते की आम्ही बुडतोय. त्यांनीच नेमलेले अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचे माजी प्रमुख आर्थर लेव्हिट यांनी २००४ मध्ये अहवाल दिला की २००२-०३ मध्ये लीगला २७ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा झाला आणि उत्पन्नाचे ७५ टक्के खेळाडूंच्या पगारात गेले. खेळाडूंच्या संघटनेने हे हिशेब मानले नाहीत. तडजोड झाली ती जुलै २००५ मध्ये, आणि तिच्यात नुसती वरची रेघ नव्हती. २००५-०६ साठी कमाल मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर, किमान २ कोटी १५ लाख, चालू करारांत सरसकट २४ टक्के कपात, आणि खेळाडूंचा वाटा लीगच्या उत्पन्नाच्या ५४ टक्क्यांशी बांधलेला. हा वाटा नीट जुळावा म्हणून खेळाडूंच्या पगारातली काही रक्कम हंगामभर बाजूला ठेवतात. वर्षाअखेरीस लीगचं उत्पन्न मोजतात आणि मग ती खेळाडूला परत मिळते किंवा मालकांकडे जाते. उत्पन्न म्हणजे काय, यात पार्किंगचे पैसे धरायचे की नाहीत, असल्या व्याख्यांनीच त्या कराराची पानंच्या पानं भरली आहेत. या सगळ्यासाठी वकील आणि हिशेबनीस लागतात. यूएचएलला ते परवडणारे नव्हते.

इथे कुणीही विचारेल: लीगचा नियम मोडला, तर लीगने दंड करावा. यात गुन्हा कुठे आला? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका दुसऱ्या उदाहरणाने चटकन कळतं. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. मर्यादेच्या हिशेबात पगाराची वार्षिक सरासरी धरत. म्हणून बहुतेक पैसा पहिल्या दहा-अकरा वर्षांत ठेवला आणि तो चाळिशी ओलांडेल त्या वर्षांना नाममात्र रकमा लावल्या, म्हणजे सरासरी खाली यावी. लबाडी उघड होती, पण करारातला आकडा न् आकडा लीगसमोर मांडलेला होता. लवादाने करार फेटाळला, संघाला दंड झाला, नवे खेळाडू निवडण्याच्या संधी काढून घेतल्या, आणि विषय हॉकीतच मिटला.

डॅनबरीत आकडे लपवले. लीगला खोटे तक्ते पाठवले. फसवणुकीच्या हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फोन, फॅक्स किंवा ईमेल वापरला तर अमेरिकेत तो ‘वायर फ्रॉड’ हा फेडरल गुन्हा होतो. फसवणूक कुणाची? लीगची, आणि लीगमार्फत त्या तेरा मालकांची, ज्यांनी आपला हात आखडता घेतला तो बाकीचेही घेतील या भरवशावर. मर्यादा ही मालकांनी एकमेकांना दिलेली हमी असते असं वर म्हटलं, ते कायद्याच्या भाषेत असं उतरलं.

अर्थात, एफबीआय काही हॉकीच्या पगारांच्या मागावर आलं नव्हतं. तपास होता कचऱ्याच्या धंद्याचा. पश्चिम कनेक्टिकट आणि लगतच्या न्यूयॉर्क भागात कचरा ठेकेदारांनी गिऱ्हाइकं आपसांत वाटून घेतली होती. एकाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, टेंडर निघालं तर आधीच रिंग करायची, दर चढे ठेवायचे. या व्यवस्थेला संरक्षण म्हणून गॅलान्टे न्यूयॉर्कच्या जेनोव्हीझ माफिया टोळीच्या मॅथ्यू आयानिएलो यांना दर तिमाहीला ३० हजार डॉलर पोचवत, असा आरोप होता. जून २००६ मध्ये २९ माणसं आणि १० कंपन्यांवर आरोपपत्र दाखल झालं. बिनकामाच्या नोकऱ्यांचा धागा तपास करणाऱ्यांच्या हाती लागला तो यातूनच. गॅलान्टेंनी २००८ मध्ये गुन्हा कबूल केला. संघटित गुन्हेगारीचा कट, करखात्याची फसवणूक आणि तिसरा, पगारमर्यादेवरून वायर फ्रॉडचा कट. शिक्षा ८७ महिन्यांची. मुलावर कधीच आरोप ठेवला गेला नाही.

मला यातली गंमत वाटते ती अशी की फसवणुकीत सगळ्यात जास्त लाभ झालेले लोक म्हणजे आठवड्याला पाचशे डॉलरवर हाडं मोडून घेणारे खेळाडू. त्यांच्याबद्दल मला राग येत नाही. राग यायचाच तर तो ज्या फोर्ट वेनच्या किंवा एल्मायराच्या खेळाडूने तेच ठोसे मर्यादेतल्या पगारात खाल्ले, त्याच्या वतीने येतो. आणि एवढं करून ट्रॅशर्सच्या हाती काय लागलं? २००५ चा कलोनियल कप मस्कीगन फ्युरीने जिंकला, सलग दुसऱ्यांदा. २००५-०६ मध्ये ट्रॅशर्स अंतिम फेरीपर्यंत गेले आणि कालामाझू विंग्सकडून हरले. त्यानंतर काही आठवड्यांतच आरोपपत्र आलं आणि संघ संपला.

लीगमधल्या बाकीच्या संघांचं पुढे काय झालं हेही पाहण्यासारखं आहे, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना बंद पडायला कुठल्याही घोटाळ्याची गरज पडली नाही. कॅन्सस सिटी आउटलॉज एका हंगामातच गाशा गुंडाळून मोकळे झाले. चेलिओस ज्यांच्याकडून खेळला ते मोटर सिटी मेकॅनिक्स दोन हंगाम टिकले. मिसुरी रिव्हर ऑटर्स, रिचमंड रिव्हरडॉग्ज, ॲडिरॉन्डॅक फ्रॉस्टबाइट २००६ मध्ये बंद पडले. रॉकफर्ड आइसहॉग्ज वर एएचएलमध्ये गेले, शिकागो ब्लॅकहॉक्सच्या आधाराने. लीगने २००७ मध्ये पुन्हा नाव बदलून पाहिलं आणि २०१० मध्ये कारभार आटोपला. फोर्ट वेन कॉमेट्स हा १९५२ पासूनचा संघ आणि कालामाझू विंग्स आज ईसीएचएलमध्ये खेळतात. डॅनबरीच्या त्याच रिंकवर २०१९ पासून हॅट ट्रिक्स नावाचा संघ आहे, आणखी खालच्या पायरीवरच्या फेडरल लीगमधला, आणि २०२३ मध्ये त्याने तिथलं विजेतेपदही मिळवलं.